कारणाच्या रकान्यात ‘ऊन’

मधुदादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी मिलिंग मशीनला लेथ म्हणालो. केडगावच्या विहारात, दीडेकशे माणसांसमोर, माईक हातात धरून. त्यातली निम्म्याहून अधिक माणसं एमआयडीसीतली, म्हणजे या दोन यंत्रांपैकी एकासमोर उभं राहून ज्यांनी उमर काढली अशी. ‘दादांनी त्या लेथ मशीनचा आजार शोधून काढला तेव्हा...’ एवढंच बोललो आणि मागच्या ओळीतून पोपट शिंदे, जो त्या मशीनवर पहिल्या दिवसापासून ऑपरेटर आहे, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘दाजी, मिलिंग.’ लोक हसले. फोटोसमोर बसलेल्या वहिनीसुद्धा पदराआड हसल्या. मी त्याच कारखान्यात अठरा वर्षं स्टोअरकीपर आहे, तेव्हा चुकीला सबब कसलीच नव्हती. तबलजीच्या शोकसभेत तबल्याला ढोलकी म्हणावं, तसं झालं. पुढं जे सांगायचं ठरवून गेलो होतो ते राहूनच गेलं. ‘दादा फार चांगले होते,’ असं म्हणून मी खाली बसलो. चांगले तर ते होतेच, पण तेवढं सांगायला माईक कशाला लागतो...

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, शोभाचे थोरले भाऊ. ते मला दाजी म्हणत, म्हणून सगळा कारखाना मला दाजी म्हणतो. पाच आठवड्यांपूर्वी मी स्टोअरमध्ये बेअरिंगचे खोके लावत होतो, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा गेटवर आला. स्टँडवरून माझी सायकल काढली आणि हँडल धरून उभा राहिला. त्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. दादा पहिली पाळी करून घरी आले होते, चहा मागितला होता, आणि चहा यायच्या आत गेले. बावन्न वर्षांचे होते. विहारात सांगायचं राहून गेलं ते आता इथं लिहितो. इथं निदान मागच्या ओळीतून कुणी दुरुस्ती करणार नाही.

दादांचं गाव पाथर्डीच्या बाजूला. आईवडील ऊसतोडीला जात आणि पोरं त्यांच्याबरोबर, त्यामुळं शाळा वर्षातले सहा महिनेच. तरी दादा मॅट्रिक झाले, नगरच्या आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला आणि आमच्या कारखान्यात लेथच्या खात्यात हेल्पर म्हणून लागले. बाबासाहेबांचं ‘शिका’ हे त्यांच्या वडिलांनी इतक्या वेळा ऐकवलेलं, की दादा म्हणत, मला नोकरी लागल्यावरसुद्धा शाळा सुटल्यासारखं वाटलं नाही. मशीनबरोबर येणारी इंग्रजी पुस्तकं ते घरी नेत. अडलेला शब्द एका वहीत मराठी अक्षरांत लिहीत, समोर अर्थ, आणि त्याच्या समोर तो भाग मशीनमध्ये कुठं असतो त्याचं चित्र. अशा चार वह्या भरल्या होत्या. पाचवी मी स्टोअरमधून दिली. ती कुठल्याही रजिस्टरवर चढवलेली नाही, हे कारखान्याचे लोक वाचत असतील तर त्यांनी सोडून द्यावं.

कारखान्यात पहिलं कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आलं तेव्हा त्याच्यासाठी डिप्लोमावाला इंजिनिअर हवा होता. जाहिरात दिली, पण नगरला यायला कुणी तयार होईना. शेवटी दादांना पंधरा दिवस बंगलोरला ट्रेनिंगला पाठवलं. परत आले ते मशीनचेच होऊन. पुढच्या महिन्यात त्यांनी आईला गावाहून आणलं आणि साहेबांची परवानगी काढून मशीन दाखवायला नेलं. म्हातारीनं काचेतून बराच वेळ बघितलं. टेबल आपोआप सरकतंय, हत्यार आपोआप बदलतंय, पाण्याची धार आपोआप सुटतीय. मग तिनं विचारलं, ‘मध्या, हे सोताच समदं करतंय, मग तुझं काय काम हितं?’ दादा म्हणाले, ‘त्याचं चुकलं की माझं काम, आई.’ त्या दिवशी खात्यातल्या प्रत्येकानं म्हातारीला नमस्कार केला. त्यांच्या गावातून कॉम्प्युटरच्या मशीनला हात लावलेला हा पहिला माणूस, आणि हे ती पुढं मरेपर्यंत बाजारात भेटेल त्याला सांगत असे.

आता माझा पराक्रम. त्या वर्षी आमच्या तेव्हाच्या मॅनेजरांनी विजेचा खर्च कमी करायच्या सूचना मागवल्या. मला सुचलं की शेडच्या छपराचे चार-पाच पत्रे काढून तिथं फायबरचे पारदर्शक पत्रे बसवावेत, म्हणजे दिवसा ट्यूबा लावायला नकोत. सूचना मान्य झाली, दिवाळीच्या सुट्टीत पत्रे बसले, आणि मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. पुढच्या रविवारी दादांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा दुसरी पोळी पानात पडायच्या आत माझी ही गोष्ट दोनदा सांगून झाली होती. दादांनी कौतुक केलं. मनापासून केलं. म्हणाले, ‘दाजी, थंडीत तर पोरं तिथं उभं राहून चहा पितील.’ आणि खरंच, थंडीभर दोन मशीनच्या मधल्या वाटेवर उन्हाचा लांबट कवडसा पडे आणि पोरं त्यात उभी राहून चहा पीत. संक्रांतीला ते मॅनेजर पुण्याच्या नोकरीवर गेले. नवे साहेब आले. त्यांना पत्रे कुणी सुचवले हे माहीत असायचं कारण नव्हतं.

होळीच्या सुमारास पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून गिअरबॉक्सच्या खोक्यांचा अख्खा ट्रक परत आला. त्या खोक्याला बेअरिंग बसण्यासाठी भोकं पाडतात, आणि ती जागच्या जागी पडावी लागतात. चूक चालते ती फार तर वीस मायक्रॉनची. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाचा तिसरा हिस्सा. आमची भोकं चाळीसनं सरकलेली. तीही सगळी नाहीत, काही बरोबर, काही चुकलेली. नव्या साहेबांनी मशीनचा इतिहास काढला तेव्हा सापडलं, की दोन महिन्यांपूर्वी मोटर आणि टेबलाचा स्क्रू यांना जोडणारा जोड सैल झाला होता आणि तो दादांनी स्वतः उघडून आवळला होता. झालं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आयटीआयवाल्यानं अशा मशीनला पाना लावला की दुसरं काय होणार?’ मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. तोपर्यंत दुरुस्ती बंद, आणि सोमवारपासून मधुकररावांनी परत लेथ खात्यात जावं, असा हुकूम.

दादा चिडले नाहीत. चिडायला त्यांना वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात त्यांचं काम उरकून जाई. एवढंच म्हणाले, ‘साहेब, सोमवारला अजून पाच दिस हाईत. मशीन उघडत न्हाई, पन मोजू द्या.’ मोजायला बंदी घालता येईना, म्हणून साहेब हो म्हणाले.

पहिल्या दिवशी, बुधवारी सकाळी, दादांनी डायल लावली. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी, टेबल मायक्रॉनभर हललं तरी तिची सुई सांगते. टेबल उजवीकडे नेलं, परत आणलं. जोड सैल असता, तर उलट फिरताना सुईनं घोटाळा केला असता. केला नाही. स्क्रूची झीज असती तर ठरावीक जागी चूक आली असती. तीही नाही. दुपारी बारापर्यंत मशीन शहाण्यासारखं वागलं आणि साहेब जाता जाता म्हणाले, मशीन ठीक, तुम्ही ठीक, मग काय पुण्याच्या लोकांचे डोळे बिघडले? दादांनी डायल तिथंच ठेवली, स्टूल ओढलं, आणि दर अर्ध्या तासानं तेच एक माप घेऊन खडूनं जमिनीवर लिहीत बसले. एक वाजता शून्य. दोनला शून्य. अडीचला दहा, साडेतीनला चाळीस, पाचला वीस, आणि सहाला परत शून्य. मी घरी जाताना तो आकड्यांचा रकाना बघितला आणि मला त्यातलं काही कळलं नाही, पण दादांच्या चेहऱ्यावर, ऊसतोडीवरून परत आल्यावर शाळेचं दार उघडं दिसलेल्या पोराचा आनंद होता.

तीन वाजता पाळी बदलते. त्यामुळं सगळ्यांनी दुसऱ्या पाळीच्या पोपट शिंदेला धरलं. पोपटला मशीन धरवत नाही, पोपट पार्ट नीट आवळत नाही, असं सुरू झालं. बिचारा रडकुंडीला आला. दादा म्हणाले, अडीचलाच दहा आलंय आणि पोपट तर तीनला येतो. तरी गुरुवारी त्यांनी पोपटला मुद्दाम सकाळी बोलावलं आणि पहिल्या पाळीच्या माणसाला दुपारी. सकाळी पोपटनं काढलेला माल चोख निघाला. दुपारी दुसऱ्याच्या हातून पुन्हा चाळीस. पोपट सुटला. त्या दिवसापासून पोपट दादांच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता.

मग दादांनी एक गोष्ट केली, जी कुठल्या पुस्तकात नव्हती. मशीनच्या मागं गेले आणि त्याच्या उंच लोखंडी खांबावर, ज्याच्यावर सगळं डोकं बसलेलं असतं, दोन्ही हात ठेवले. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसे. उजवं अंग गार होतं. डावं अंग कोमट. दादांनी मान वर केली... आणि थंडीत वाटेवर पडणारा तो कवडसा आता खांबाच्या डाव्या अंगावर पडलेला त्यांना दिसला. थंडी सरली, सूर्य वर चढत गेला, तसा तो दिवसागणिक सरकत सरकत मशीनवर आला होता. एका बाजूनं तापलं की लोखंड तेवढ्या बाजूनं वाढतं, खांब केसाच्या अर्ध्याएवढा कलतो, आणि सकाळी लावलेलं शून्य दुपारी शून्य राहत नाही.

त्या दिवशी चारच्या सुमारास दादा स्टोअरच्या खिडकीशी आले. हातात सामान मागायची चिठ्ठी. ‘ताडपत्री, मोठी, एक.’ त्या चिठ्ठीत एक रकाना असतो, वस्तू कशासाठी हवी त्याचा. मी त्या रकान्याबाबत फार कडक माणूस आहे. लोक तिथं ‘काम’ असं लिहितात आणि मी चिठ्ठी परत करतो. दादांनी लिहिलं होतं, ‘ऊन’. मी विचारलं, हे काय कारण झालं का दादा? तेव्हा त्यांनी खिडकीतून वाकून सगळं सांगितलं, वर मी जसं लिहिलंय तसं. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिले. पत्रे कुणाचे, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. मग हळू म्हणाले, ‘दाजी, उद्या दुपारी मी साहेबांना दाखवनार हाय. तुमी आज जाऊन सांगितलंत तर लई बरं दिसंल.’

मी काय केलं? मी ताडपत्री काढली, चिठ्ठीवर तारीख घातली, रजिस्टरमध्ये त्यांची सही घेतली आणि म्हणालो, ‘बघतो.’ साहेबांची केबिन स्टोअरपासून तीस पावलांवर आहे. सुटी व्हायला दोन तास होते. त्या दोन तासांत मी स्टोअरमधले नटबोल्ट आकारानुसार लावले. गेल्या कित्येक वर्षांत मी ते लावले नव्हते.

शुक्रवारी दादांनी सकाळीच छपरावर चढून ताडपत्री पसरली. साडेतीनपर्यंत डायल शून्यावर. साहेब आले, खात्यातली सगळी माणसं जमली, मीही गेलो. माझ्या हातात रजिस्टर होतं, ताडपत्री परत घ्यायची म्हणून आलोय असं दिसावं म्हणून. दादांनी पोपटला छपरावर पाठवलं आणि ताडपत्री ओढायला सांगितली. खांबावर कवडसा पडला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा तबकडीकडे बघत उभे. पाच मिनिटं काही नाही. कुणीतरी खोकलं. दहा मिनिटांनी सुई हलली. मग आणखी. पाऊण तासात ती तीसच्या पुढं गेली होती आणि मशीनला कुणी बोट लावलं नव्हतं. साहेब शहाणे होते, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी स्वतः खांबाला हात लावून पाहिला आणि दादांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं?

दादा म्हणाले, ‘आमच्या घरात घड्याळ नव्हतं, साहेब. पत्र्याला भोक हुतं. कवडसा रांजनापाशी आला की आई कामाला निघायची. तो रोज जरा जरा सरकतो, हे मला लहानपनापासनं ठावं. इंजिनेरांच्या घरांना भोकं नसत्यात.’

साहेब हसले, मग गंभीर झाले. वर बघून म्हणाले, ‘पण हा पत्रा कुणाच्या डोक्यातून आला?’

रजिस्टर माझ्या छातीशी. दादा माझ्यापासून दोन हातांवर. त्यांना नुसती मान वळवायची होती. तीन दिवस ज्याच्या पत्र्यापायी बोलणी खाल्ली, ज्याच्यापायी सोमवारी मशीन हातचं जाणार होतं, तो माणूस तिथंच उभा होता. दादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘ते डायलवर दिसत न्हाई, साहेब.’

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

सोमवारी कंपनीचा माणूस आला आणि दादांचे खडूचे आकडे वहीत उतरवून घेऊन गेला. साहेबांनी लेथ खात्याचा हुकूम मागं घेतला तो सगळ्यांसमोरच, जसा दिला होता तसा, आणि मशीनची किल्ली दादांच्या हातात दिली. पुढं आणखी दोन मशीनं आली, तीही त्यांच्याच हाताखाली. त्यानंतर एमआयडीसीत कुणाचंही मशीन हट्टाला पेटलं की मधुदादांना बोलावणं येई. एकदा श्रीरामपूरहून एक जण मोटारसायकल घेऊन आला आणि त्यांना मागं बसवून घेऊन गेला. आधी मशीनबद्दल ते विचारतच नसत. दार कुठल्या बाजूला, शेजारी भट्टी आहे का, रस्त्यावरून ट्रक जातात का, कुठल्या वेळी चुकतंय... वैद्य आजाऱ्याच्या घरचं पाणी कुठून येतं ते विचारतो, तसं. श्रीरामपुरात मशीनमागच्या भिंतीपलीकडे बॉयलर निघाला. डिप्लोमावाली, डिग्रीवाली पोरं त्यांच्याकडून डायल धरायला शिकली. त्यातला एक आज चाकणला मोठ्या हुद्द्यावर आहे. तो पुण्यानुमोदनाला आला होता आणि बोलताना त्यानं मिलिंग मशीनला मिलिंगच म्हटलं.

आणि मी? दादांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. आमच्याकडे आले की त्या बक्षिसाच्या घड्याळाखालीच बसत. ते रोज पाच मिनिटं मागं पडतं. दादा उठून ते बरोबर लावत आणि पुन्हा बसत. मी दर वेळी ठरवायचो, आज म्हणू, दादा, त्या दिवशी मी तीस पावलं चाललो नाही. आणि दर वेळी म्हणायचो, ‘चहा घेणार ना?’ चार वर्षं अशीच गेली. मला वाटायचं, वेळ आहे. विहारात बोलायला उठलो तो हेच सांगायला. पण पोपटनं दुरुस्ती केली आणि मला, खरं सांगायचं तर, बसायला निमित्त मिळालं.

माझ्या मेहुण्याचा मला अभिमान आहे, हे कुणीही लिहील. मला अभिमान आहे तो अशा माणसाचा, ज्याला केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक खपत नव्हती आणि तरी शेजारी उभ्या असलेल्या दाजीची एवढी मोठी चूक त्यानं मोजायला घेतली नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी शोभाला वाचून दाखवला. पत्रे माझे होते हे तिला माहीत होतं. साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशी दादा स्टोअरच्या खिडकीशी येऊन काय म्हणाले होते, ते तिला आजच कळत होतं. ती तांदूळ निवडत होती. ‘बघतो’ आलं तिथं तिचा हात थांबला, आणि शेवटपर्यंत थांबलेलाच राहिला. वाचून झाल्यावर मी कागद घडी करत बसलो. तिनं विचारलं, पेपरवाले लेखाखाली नाव छापतात ना? मी म्हणालो, छापतात, पण ‘एक स्नेही’ असं लिहिलं तरी चालतं.

‘पूर्ण छापायला सांगा,’ ती म्हणाली. ‘आडनावासकट. दादानं नाव घेतलं नाही, ते तुमच्यासाठीच ठेवलं होतं.’